कोऱ्या लेबलाची तबकडी

माझ्या बायकोचं माझ्याविषयी एक मत आहे. ती म्हणते, तुम्हाला घरात आलेलं माणूस दिसत नाही, त्याच्या हातात काय आहे तेवढं दिसतं. ह्यावरून आम्ही तीस वर्षं भांडलो. आता मी भांडायचं सोडून दिलंय, आणि ते का, हेच सांगायला बसलोय.

मी साताऱ्याचा. सगळी नोकरी कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली. पण गावात मला त्या कामावरून कोणी ओळखत नाही, तबकड्यावाला म्हातारा म्हणून ओळखतात. त्यातही माझं वेड जरा वाकडं. नाट्यगीतं नाहीत, सिनेमाची गाणी नाहीत. मी जमवतो सोल. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, त्यांच्या देवळातल्या भजनातून निघालेलं आणि पुढे प्रेमाबिमाच्या भानगडीत शिरलेलं. पुण्यात कॉलेजात होतो तेव्हा जुन्या बाजारात परदेशी पोरापोरींनी विकून टाकलेल्या तबकड्या ढिगाने पडलेल्या असत. त्यातली एक नुसता कव्हरावरचा फोटो बघून उचलली. खोलीवर येऊन लावली. इंग्रजी निम्मंच कळलं. पण ती बाई कुणाला तरी परत ये म्हणतेय एवढं कळलं, आणि मी बसल्या जागी रडलो. तेव्हापासून हे लागलं ते लागलंच.

ह्या गाण्यांत नकली माल फार. विलायतेत ह्या गाण्यांवर नाचणाऱ्या पोरांचे अड्डे होते. त्यांना हव्या त्या तबकड्या मिळेनात, तर काही जण एखादी अस्सल मिळवून तिच्यावरून चोरून शेकडो छापायचे. कंपनीचं नाव लावायची सोय नाही, म्हणून लेबल कोरं, पांढरं. गाणं संपल्यावर लेबलाच्या कडेला जी मोकळी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात कंपनीचा आकडा साच्याने उठवलेला असतो. नकलीत तो हाताने ओरखडलेला. वजनाला हलकी, आवाज बसका. हे सगळं शिकायला मला वीस वर्षं लागली. शिकलो, आणि मग शहाणा म्हणून मिरवायला लागलो. कुणी कौतुकाने तबकडी आणून दाखवली की मी ती हातात घेऊन उलटसुलट करायचो आणि म्हणायचो, टाका भंगारात. त्याचा चेहरा पडला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

सांगलीच्या एका वाचनालयाने माझा कार्यक्रम ठेवला तो ह्याच शहाणपणापायी. अस्सल तबकडी कशी ओळखावी, असा विषय. सोबत आपल्याजवळच्या तबकड्या आणाव्यात, पारख करून मिळेल, अशी चार ओळींची बातमी स्थानिक पेपरात आली. ती बातमी कवठे महांकाळकडच्या एका वस्तीवर एका माणसाने आपल्या आईला वाचून दाखवली.

आता त्या माणसाची गोष्ट आधी सांगतो. मला ती बरीचशी नंतर कळली. पण आधी सांगितली नाही तर मी काय करून बसलो ते ध्यानात यायचं नाही.

तो धनगराच्या घरातला. वडील मेंढरामागे फिरले. त्या बाजूला पाऊस कमी आणि पोरं जास्त, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिकडची माणसं सोन्याच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सराफाकडचं मोडीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. कुठल्याही शहरात सराफकट्ट्यामागच्या बोळात जा, भट्टीशी बसलेला माणूस आपल्या मराठीत बोलतो. ह्याचा थोरला भाऊ सतरा वर्षांचा असताना गावातल्याच एका मालकाबरोबर असाच कलकत्त्याला गेला. दोन वर्षं नीट गेली. मग दुकानातली सोन्याची एक गोळी हरवली. मालकाने थोरल्यावर आळ घेतला, मारलं आणि हाकलून दिलं. गावात त्याच्याआधी त्याची बातमी येऊन पोहोचली.

वर्षाने तो स्वतः आला. वाळला होता, खोकत होता. आईला म्हणाला, मी चोरी केली नाही. दुकानातून निघालो तो कलकत्त्याजवळच्या तबकड्यांच्या कारखान्यात लागलो. गरम यंत्रात तबकड्या दाबायचं काम करतो, त्यावर जगतो. ही बघ, मी माझ्या हाताने दाबलेली, आमच्या साहेबानं दिली. आणि त्याने आईच्या हातात एक लहान, एकेका बाजूला एकेकच गाणं असलेली तबकडी ठेवली. गाव हसलं. गाव म्हणालं, कसला कारखाना अन्‌ कसलं काय, सोनं विकून खातंय. आठ दिवसांत कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. तो परत गेला आणि दोन वर्षांनी तिथल्याच एका दवाखान्यात वारला. एक कार्ड आलं तेवढंच.

आईने त्या मालकाच्या घराशी बोलणं टाकलं. एकाच गावात राहून, एकाच विहिरीवर पाणी भरून, पन्नासएक वर्षं तिने त्या घराचा उंबरा ओलांडला नाही की तिथल्या लग्नाचे तांदूळ हातात घेतले नाहीत. रोज भाकरी झाली की पहिला तुकडा थोरल्याच्या नावाने बाजूला काढायची. आणि ट्रंकेत, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली ती तबकडी. घरात वाजवायचं यंत्र कधी नव्हतं. ती तबकडी त्या घरात कुणी ऐकलेलीच नव्हती.

म्हातारीने पेपरातली बातमी ऐकली आणि धाकट्याला म्हणाली, जा, त्या माणसाला विचारून ये. कारखान्यातली हाय का न्हाई, एवढंच. तिचं म्हणणं सरळ होतं. पोरगं दोन गोष्टी बोललं होतं, चोरी केली नाही आणि कारखान्यात होतो. पहिलीचा पुरावा आता कुठून येणार? पण दुसरी खरी निघाली, तर पहिलीही खरी धरून तिला डोळे मिटता येणार होते.

कार्यक्रमाला वीस-पंचवीस माणसं होती. माझा रंग चांगला जमला होता. एक-दोन नकली तबकड्या मी थट्टा करत बाजूला सारल्या होत्या, लोक हसत होते. तेवढ्यात हा मागच्या रांगेतून उठला. साठीच्या पुढचा, काटक, बोटांच्या पेरांवर जुने भाजल्याचे डाग. माझ्यापुढे येऊन त्याने धडप्याची गाठ सोडली.

"साहेब, भावाची हाय," तो म्हणाला. "कलकत्त्याच्या कारखान्यात व्हता त्यो. आईनं इचारून ये म्हनलंय, ही त्या कारखान्यातलीच हाय का."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण माझी नजर तोपर्यंत लेबलावर गेली होती. कोरं पांढरं लेबल. त्यावर शाईने बंगालीत एक आकडा आणि रेघ, म्हणजे कुठल्यातरी जुन्या बाजारातल्या दुकानदाराची खूण, असं मी ठरवूनच टाकलं. मोबाईलचा उजेड पट्टीवर सरळ मारला. हाताने ओरखडलेली अक्षरं दिसली. संपलं. दोन फोटो काढून घेतले, नमुना म्हणून.

"नकली," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण समोर माणसं होती. मी तबकडी उंच धरून म्हणालो, "मंडळी, हा बघा आदर्श नमुना. कोरं लेबल, हाताचं कोरीव काम. कारखान्याचा ह्या वस्तूशी काडीचा संबंध नाही. असल्या तबकड्या कलकत्त्याच्या फुटपाथवर वाटाण्याफुटाण्यासारख्या मिळायच्या."

लोक हसले. त्यातला एक म्हणाला, वाजवून तरी बघा की. वाजवायचं यंत्र शेजारीच टेबलावर होतं. मी म्हणालो, "कशाला उगाच सुई झिजवायची?"

परत हसले.

तो हसला नाही, चिडलाही नाही. त्याने एकदाच विचारलं, "नक्की न्हवं?"

"अहो, नक्की म्हणजे काय, काळ्या दगडावरची रेघ."

त्याने मान हलवली. तबकडी पुन्हा धडप्यात गुंडाळली, मला हात जोडले आणि निघून गेला. मला वाटलं, समजूतदार माणूस आहे, उगाच वाद घातला नाही. पुढे त्यानेच सांगितलं तेव्हा कळलं. तोही पुढे गलाईच्याच धंद्यात गेलेला. त्यांच्या धंद्यात सोन्याचा कस लावायला एकाच माणसाकडे जायचं असतं. त्याने कसोटीच्या दगडावर सोनं घासून सांगितलं, की तो शब्द शेवटचा. तीच वस्तू घेऊन दुसऱ्याकडे जाणं म्हणजे पहिल्याला खोटं पाडणं, आणि असं करणाऱ्याला बाजारात कोणी दारात उभं करत नाही. चाळीस वर्षं तो ह्या नियमाने जगला होता. मी कस लावला होता. आता तो दुसरीकडे कुठे विचारणार नव्हता.

मी साताऱ्याला आलो. बायकोने विचारलं, कसं झालं? मी रंगवून सांगितलं, त्या माणसाचंही सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "आणि त्याच्या आईचं काय?"

"आईचं काय असायचंय? जे आहे ते आहे."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

ते दोन फोटो मी पुढे वर्षभर वापरले. कऱ्हाडला एका कार्यक्रमात पडद्यावर मोठे करून दाखवले. मोबाईलवर आमचा देशभरातल्या तबकडीवेड्यांचा एक गट आहे, त्यातही टाकले. खाली लिहिलं, नकलीचा उत्तम नमुना, सांगली जिल्हा. अंगठे आले, हसरे चेहरे आले.

त्यावर काही महिन्यांनी कोलकात्याहून एका म्हाताऱ्याचा फोन आला. नातवाने त्याला गटात घातलं होतं, आणि जुन्या गोष्टी चाळताना त्याला तो फोटो दिसला होता. बंगाली वळणाच्या हिंदीत त्याने विचारलं, ही पांढऱ्या लेबलाची तबकडी तुम्हाला कुठे मिळाली? मी सांगितलं. म्हटलं, नकली आहे. तो म्हणाला, बाबू, मी त्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत तेवीस वर्षं होतो. नवीन साचा यंत्राला लावला की पहिल्या चार-पाच तबकड्या कोऱ्या लेबलाच्या काढायचो. ऐकायच्या, दोष नाही ना बघायचं, मग खरी छपाई सुरू. लेबलावरचा आकडा आहे ना, तो आमचा. कितवी तबकडी, तो आकडा. खाली रेघ म्हणजे पास.

मी म्हणालो, पण पट्टीत हाताने कोरलंय. तो म्हणाला, साचा तपासणारा हाताने खूण करायचा, साहजिक आहे. कारखान्याचा आकडा त्याच्या पलीकडे असेल, बारीक. उजेड तिरका लागतो, सरळ मारला तर दिसत नाही. फोटो मोठा करून उजव्या कोपऱ्यात बघा.

फोन चालू ठेवूनच मी संगणक लावला. फोटो मोठा केला. तिथे होता. अर्धा आकडा, पुसट, पण साच्याने उठवलेला. हा फोटो मी पन्नास माणसांना दाखवला होता. पन्नास वेळा बघितला होता.

मी विचारलं, ह्या बाहेर कशा जायच्या? तो म्हणाला, बाहेर जायच्याच नाहीत. ऐकून झाल्या की मोडायच्या. कधीतरी साहेब खुशीत असला तर यंत्रावरच्या पोराला एखादी द्यायचा. बाजारात अशी मिळणार नाही. ज्याच्याकडे आहे, तो यंत्रावर होता, नाहीतर त्याच्या घरातलं कोणी. महाराष्ट्रातला कोणी मुलगा आठवतो का, हेही मी विचारलं. नाही म्हणाला. पोरं शेकडो यायची, खोकत जायची.

खरं म्हणजे, तपासणीसाठी अशा कोऱ्या तबकड्या काढतात हे मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं. परदेशातल्या अशा वस्तूंचे फोटो बघून मी हळहळलेलो होतो, आपल्या नशिबात कधी यायची म्हणून. मग त्या दिवशी ते आठवलं कसं नाही? मी स्वतःला खोदून खोदून विचारलं. उत्तर एकच. असली वस्तू कवठे महांकाळच्या धनगराच्या धडप्यातून निघेल, हे माझ्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. तोच माणूस पुण्याचा असता, चांगल्या कव्हरातून तबकडी काढून इंग्रजीत बोलला असता, तर मी तिरका उजेड टाकून बघितलं असतं. तबकडी मी बघितलीच नाही. मी धडपा बघितला. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

वाचनालयाच्या वहीत त्याचा नंबर मिळाला. फोन केला. म्हटलं, तबकडीबद्दल बोलायचंय, येऊ का? तो म्हणाला, "या की. रव्वारी घरीच हाय मी." आईचं विचारायचं माझ्या ओठावर आलं आणि मी गिळलं. फोनवर काही वाईट ऐकायला लागलं तर जायचा धीर व्हायचा नाही, हे मला माहीत होतं.

बायको म्हणाली, यंत्र घेऊन जा. म्हातारीला ऐकवा. मी छोटं यंत्र नीट कापडात बांधून पिशवीत घातलं. सकाळच्या गाडीने निघालो. पलूसपर्यंत दोन्हीकडे ऊस, हिरवागार. पुढे जमीन मोकळी होत गेली. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. आजी, माझी चूक झाली. आजी, तुमचा पोरगा खरं बोलला होता. मग ती तबकडी लावायची. रडली तर रडू द्यायची. मला वाटत होतं, म्हातारी मला शिव्या देईल आणि मग चहा देईल. एवढ्यावर सुटका होईल असं मी धरून चाललो होतो.

तो रस्त्यावर घ्यायला आला होता. वस्तीवर पत्र्याचं घर, दारात चार-पाच मेंढरं, कडेला डाळिंबाची थोडी झाडं. ओट्यावर बसलो. पाणी आलं, चहा आला. मी इकडेतिकडे बघत होतो.

"आई?" मी विचारलं.

"गेली. गेल्या सालच्या शिमग्याच्या आधी."

बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. पण आलो होतो तर बोलायला हवं होतं. मी सगळं सांगितलं. कोलकात्याचा म्हातारा, पांढरं लेबल, आकडा, रेघ, तिरका उजेड. संगणकावर मोठा केलेला फोटो छापून नेला होता, तो दाखवला. मग म्हणालो, "तुमचा भाऊ खरं बोलला होता. चूक माझी. मी नीट बघितलं नाही."

त्याने छापलेला कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. घरात जाऊन तबकडी घेऊन आला. ओट्याच्या कडेला उन्हात ती तिरकी धरली. गलाईवाल्याची नजर. मी दाखवायच्या आत त्याला आकडा सापडला.

"हाय," तो म्हणाला.

तबकडी तशीच हातात धरून तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

"सांगलीस्नं आलो तवा ती हितंच बसली व्हती. लांबनंच इचारलं, काय म्हनला त्यो. मनात आलं, व्हय म्हनावं. तिला काय कळनार व्हतं? पर साहेब, कस लावल्यावं खोटं बोलत न्हाईत आमी. आन्‌ खरं सांगू, माजाबी थोरल्यावं पुरता इस्वास न्हवता कवा. त्याच्यापायी मला गावच्या कुनी भट्टीवं घेतलं न्हाई, लांब परमुलखात जावं लागलं. म्हनून सांगून टाकलं. नकली हाय म्हनलं."

"काय म्हणाल्या?"

"बरं म्हनली."

मेंढरू दावणीला ओढ देत होतं. त्याने उठून त्याचा कासरा सैल केला आणि परत येऊन बसला.

"दुसऱ्या दिशी भाकरीचा तुकडा काढला न्हाई. मी बघितलं, पर बोललो न्हाई. तिसऱ्या दिशी सकाळी मला म्हनली, लुगडं धुतल्यालं दे. काठी घेतली आन्‌ निघाली. मला वाटलं देवाला. तर ती मालकाच्या घरी गेली. मालक मागंच गेलाय, मालकीन हाय अजून. तिच्या पाया पडली. वयानं ही मोठी, आन्‌ तिच्या पायावं डोस्कं ठेवलं. म्हनली, माज्या पोरानं तुमचं सोनं खाल्लं, मी इतकी वर्सं उलटी तुमच्यावंच रागावले, मला माफी करा." तो थांबला. "मला दुसऱ्यानं येऊन सांगितलं. मी आनायला गेलो, तर वाटंत भेटली. त्यापुढं ती जास्ती काय बोलली न्हाई. तीन म्हयन्यांत गेली."

साठ वर्षांच्या आयुष्यात मी बरीच माणसं दुखावली असतील. पण एका म्हातारीला, जिचं तोंडसुद्धा मी बघितलं नाही, तिला तिचं पोटचं मेलेलं पोर चोर होतं असं मी सांगितलं होतं, टाळ्या घेत.

तो उठला. म्हणाला, "चला."

"कुठे?"

"त्यांच्या घरी. तुमी सांगा तिला, जसं मला सांगितलं तसं. मी सांगून काय उपेग न्हाई, मी भाऊ हाय."

गेलो. घर गावात, दुमजली, सिमेंटचं. मालकीणबाई सोप्यात खुर्चीवर बसून होत्या. अंगाने थकलेल्या, पण कान शाबूत. सुनेने आम्हाला सतरंजी टाकली. तो खाली बसला नाही, म्हणून मीही उभाच राहिलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कारखाना खरा. तबकडी खरी. पोरगं कष्ट करून जगत होतं. तुमच्या सोन्यावर नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "व्हय. ती गोळी घावली व्हती आमाला. भट्टीची राख धुताना. दोन-तीन म्हयन्यांनी."

सून घरात निघाली होती, ती दारातच थांबली.

"सांगितलं का न्हाई?" त्याने विचारलं. आवाज चढला नाही.

"ह्येंनी नगं म्हनलं. पोरगं गेलंच हाय काम सोडून, आता सांगून आपलीच नालस्ती, म्हनायचे. मग ते वारलं, कार्ड आलं. मग तर कसं सांगायचं?"

"आई आल्ती तवा. पाया पडली तवा. तवा तरी?"

बाईंना खरोखरच कळेना त्याचं काय म्हणणं आहे ते.

"आरं, मी उठीवली की तिला," त्या म्हणाल्या. "जवळ घेतली. म्हनलं, जाऊ द्या आक्का, मी कवाच माफ केलंय."

मला वाटलं, आता काहीतरी होईल, हा ओरडेल, काहीतरी फेकेल. त्याने फक्त माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. तो पुढे चालत होता, मी मागे. देवळाच्या कट्ट्याशी आल्यावर त्याला पुढे चालवेना. तो खाली बसला आणि रडायला लागला, मोठ्याने, पोरासारखा. येणारीजाणारी माणसं थांबली. त्यांतल्या एकाने मला विचारलं, काय झालं, कोण गेलं?

मी म्हणालो, "ह्यांची आई."

तो माणूस म्हणाला, "आवं, ती तर कवाच गेली की."